सिस्टरची लाकडी गच्ची

सिस्टर कुठल्याही वस्तूला आधी हाताची पालथी बाजू लावून पाहत. दूध निवलं का, इस्त्री गार झाली का, माणसाला ताप आहे का, इथपर्यंत ठीक होतं. पण सकाळी गच्चीवर गेल्या की त्या वाकून तिथल्या लाकडी फळ्यांनाही तसाच हात लावत. दाराजवळची एक फळी, मग मधली एक, मग कठड्याजवळची, जिथे ऊन उशिरा पोचायचं. मी समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन राहायला आले होते तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा पाहिला, आणि बाईंचा स्क्रू जरा ढिला असावा असं मला वाटून गेलं. माझी चाहूल लागताच त्या वर न बघता म्हणाल्या, "वरून कोरडी दिसायली, पण आतून ओलीच आहे अजून." हे त्यांनी इतक्या काळजीने सांगितलं की मीही कुणाच्या तरी तब्येतीची चौकशी करायला आल्यासारखा चेहरा केला.

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या आमच्या त्या इमारतीत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. सरकारी दवाखान्यात त्या हेड सिस्टर होत्या, आणि तिथून निवृत्त झाल्यावरही त्यांच्या वागण्यात फारसा फरक पडलेला नव्हता. वॉचमन बोट कापलं की वर यायचा, दुसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू आजी रक्तदाब मोजायला यायच्या. सिस्टरचं माहेर नांदेडकडचं. लग्न होऊन हैदराबादला आल्या त्या आधी अंबरपेठेत एका खोलीत राहिल्या, तिथे मुलगा वाढवला, नोकरी केली. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मराठवाडा, दखनी आणि दवाखाना यांची चांगली मोट बांधली गेली होती. नको असेल तर 'नक्को', हवं असेल तर 'हौ'. माझ्या पुणेरी बोलण्याला त्या इस्त्रीचं मराठी म्हणत. "तुझ्याशी बोलताना घडी मोडेल की काय असं वाटतंय बघ," असं म्हणून लगेच ताटलीत ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढत, आणि मी ती संपवेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या राहत.

वरच्या मजल्यावर आमचे दोनच फ्लॅट. त्यांच्या फ्लॅटला लागून मोठी मोकळी गच्ची होती. आधीच्या मालकाला हौस दांडगी. त्याने गच्चीभर परदेशी लाकडाच्या जाड फळ्या बसवून घेतल्या होत्या, समुद्रकाठच्या हॉटेलांत असतात तशा. दारातून बाहेर पडलं की फळ्या एकामागून एक आडव्या येत, आणि दर दोन फळ्यांमध्ये पाणी खाली जावं म्हणून बोट जेमतेम शिरेल एवढी फट सोडलेली होती. हैदराबादच्या उन्हात असलं लाकूड सांभाळणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. घर ताब्यात घेताना सिस्टरचा बेत ठरलेला होता. फळ्या उखडायच्या आणि फरशी घालायची. फिनेल टाकून पुसता येत नाही त्या जमिनीवर त्यांचा भरवसा नव्हता.

तो बेत फिसकटला तो काकांमुळे. काका म्हणजे सिस्टरचे मिस्टर. टेलिफोन खात्यात होते, उंच, शांत, आणि आता पार्किन्सन्सने वाकलेले. हात थरथरायचा ते त्यांना फारसं लागत नसे. लागायचं ते पाय अडकण्याचं. चालता चालता मध्येच पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे आणि कितीही मनात आणलं तरी पाऊल उचललं जायचं नाही. दाराच्या उंबऱ्यापाशी, अरुंद जागेत आणि चकचकीत फरशीवर हे फार व्हायचं. नवं घर बघायला आले त्या दिवशी हॉलच्या फरशीवर ते असेच खिळले. सिस्टर आणि मुलगा नितीन दोघांनी धरून त्यांना गच्चीच्या दारापर्यंत आणलं, वारं लागेल म्हणून. तिथे काकांनी खाली पाहिलं, पहिल्या फळीवर पाऊल टाकलं, फट ओलांडून दुसऱ्या फळीवर टाकलं, आणि कुणाचाही हात न धरता चालत पार कठड्यापर्यंत गेले. हे मला सिस्टरनीच सांगितलं. सांगताना एरवी त्यांचा आवाज कापत नसे, त्या वेळी कापला.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्याचा उलगडा केला. या आजारात चालण्याची आतली लय हरवते, पण समोर आडवी रेघ दिसली तर ती ओलांडायला पाय उचलला जातो. मग सिस्टरनी हॉलमध्ये रंगीत टेप चिकटवून पाहिली. पण ती पुसताना सुटायची, आणि हॉल तो केवढा, चालायला लागलं की समोर सोफा. गच्चीवर मात्र रेघाच रेघा होत्या आणि जागाही होती. फरशीवाल्याला निरोप गेला की यायचं नाही. "मी बिछान्याला लागलेली माणसं जन्मभर पाहिली गं," सिस्टर मला म्हणाल्या. "पाठीला जखमा होतात, छातीत कफ होतो, आणि माणूस भिंतीकडे तोंड करून पडतो. ह्यांना मी बिछान्याला लागू देणार नाही. चालायलेत तोवर सगळं आहे." त्यांच्या सगळ्या धडपडीच्या मुळाशी एवढी एकच गोष्ट होती.

पण लाकूड कसं सांभाळायचं हे त्यांना कुठे ठाऊक होतं? त्यांनी ते दवाखान्याच्या पद्धतीने सुरू केलं. ब्लीचिंग पावडर कालवली, वर फिनेल ओतलं आणि खराट्याने घासून काढलं. आठवडाभरात फळ्या पांढुरक्या पडल्या आणि त्यांवर कुसं उभी राहिली, जुन्या गोणपाटासारखी. काका अनवाणी चालत, कारण चपलेत पाऊल नीट कळत नसे. त्यांच्या तळव्यात कुसळ गेलं. मग सिस्टरनी दुसरं टोक गाठलं. रुक्ष झालेल्या कातडीला जे लावतात ते त्यांनी लाकडाला लावलं, घसघशीत खोबरेल. दुसऱ्या दिवशी इमारतीतल्या झाडून सगळ्या मुंग्या गच्चीवर हजर होत्या. पावसाळा लागल्यावर त्या तेलावर काळी बुरशी धरली. हा किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगत आणि शेवटी म्हणत, "पेशंट वाचला तो त्याच्या अंगच्या ताकदीने. माझ्या ट्रीटमेंटने नाही."

शेवटी त्या एका लाकूडवाल्याकडे गेल्या. फळीचा एक तुकडा पिशवीत घालून नेला होता. दाढीवाल्या मालकाने तो हातात तोलला आणि म्हणाला, "सागवान नक्को समझो अम्मा, ये बाहर के जंगल की लकडी है. पानी में डालो तो डूबती." मग त्याने लाकडाच्या तेलाचा डबा दिला आणि एक गोष्ट बजावली, "पॉलिश मत मारो. दम घुटता इसका." सिस्टरना हे एकदम पटलं. श्वास, अंघोळ, कोरडं होणं, औषध, या भाषेत सांगितलेलं त्यांना लगेच कळत असे.

तिथून पुढे गच्चीचं वेळापत्रक बसलं. रोज सकाळी मऊ झाडूने झाडायचं. कबुतरांची घाण लगेच ओल्या फडक्याने टिपायची, वाळू द्यायची नाही. महिन्याकाठी साध्या साबणाच्या पाण्याने धुवायचं, ब्रश फळीच्या लांबीने फिरवायचा, आडवा कधी नाही. पावसाआधी आणि पावसानंतर तेल, तेही लाकूड आतपर्यंत वाळल्याशिवाय नाही. तेल पातळ लावायचं, थोडं मुरू द्यायचं आणि वर राहिलेलं पुसून घ्यायचं. तेलाची फडकी त्या चुरगळून टाकत नसत, दोरीवर एकेक पसरून वाळवत, कारण गोळा करून टाकलेली फडकी आपोआप पेट घेतात असं त्यांना कळलं होतं. मोगऱ्याच्या कुंड्या विटांच्या तुकड्यांवर ठेवलेल्या. मी एकदा माझी कुंडी सरळ फळीवर टेकवली तर म्हणाल्या, "उचल. तिच्याखाली ओल राहते, मग तिथं व्रण उठतो."

सगळ्यात जास्त वेळ त्या फटींना देत. कडुलिंबाची फुलं, कबुतरांची पिसं, धूळ, सगळं त्या फटीत जाऊन बसायचं आणि रेघ बुजायची. सिस्टर छोट्या स्टुलावर बसून खराट्याच्या काडीने एकेक फट मोकळी करत पुढे सरकत. संक्रांतीला सगळ्या मोहल्ल्याचे पतंग आमच्या डोक्यावरून उडत आणि तुटलेला मांजा येऊन फळ्यांत अडके. तेव्हा तर काका चालायच्या आधी त्या चष्मा लावून सबंध गच्ची नजरेने विंचरून काढत. मी मदतीला बसले की माझी घाई त्यांना खपत नसे. "घाई नातेवाइकांना असते," त्या म्हणत. "पेशंटला नसते आणि सिस्टरला करून चालत नाही."

संध्याकाळी ऊन उतरलं की दोघं गच्चीवर येत. आत भिंतीजवळ ठेवलेल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून, त्रिसरण म्हणून मगच बाहेर. काका पुढे, सिस्टर अर्धं पाऊल मागे. हात लावत नसत, पण हात तयार असे. काकांचे डोळे खाली फटींवर. बुद्धाच्या चंक्रमणाचं, म्हणजे येरझारा घालत केलेल्या ध्यानाचं वर्णन काकांनी पूर्वी विहारात पुष्कळदा ऐकलं होतं. ते बारीक आवाजात मला म्हणाले, "तेव्हा वाटायचं, चालण्यात काय ध्यान करायचं? आता कळतंय. एक पाऊल टाकायलाही सगळं मन लागतं." त्यावर सिस्टर म्हणाल्या, "बोलू नका, पुढची फट बघा." काका माझ्याकडे बघून हसले. या आजारात चेहरा लाकडासारखा होतो म्हणतात, पण ते हसू मी पाहिलं आहे. "हिनं मला लग्नाच्या आधीपासून पेशंटच धरलंय," ते म्हणाले, आणि पुढची फट ओलांडली.

त्यांचं हे असं चाललेलं असताना एका उन्हाळ्याच्या शेवटी दोघं नांदेडला पुतणीच्या लग्नाला गेली. तेवढ्यात नितीनने आईला खूश करायचं ठरवलं. नितीन बंगळूरला कंप्युटरच्या नोकरीत, आईबापांवर जीव टाकणारा मुलगा. आई या वयात स्टुलावर बसून काड्यांनी फटी कोरते हे त्याच्या जिवाला लागायचं. शिवाय बाबांच्या काठीचं टोक एखाद्या फटीत अडकलं तर, ही भीती त्याच्या मनात होती, आणि ती खोटी नव्हती. काठी ते फक्त घरात वापरत हे त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. घर घेतलं त्या दिवशी बाबा गच्चीवर चालले ते मोकळ्या हवेमुळे आणि आनंदामुळे, असं तो धरून चालला होता. व्यायामवाल्या बाईंचं बोलणं झालं तेव्हा तो बंगळूरला होता, आणि फोनवर सिस्टर "बरं आहे, चालतात" यापलीकडे काही सांगत नसत. तो सुट्टी काढून आला, माणसं लावली आणि आपण घरातल्या फर्निचरचं करतो तसं गच्चीचं करून टाकलं. फटींमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी भरली, इकडे तिला लप्पम म्हणतात, लाकडाच्या रंगाची. वर चकचकीत पॉलिशचे हात मारले. मी ऑफिसातून आल्यावर पाहिलं तर गच्ची एखाद्या मोठ्या डायनिंग टेबलासारखी दिसत होती. नितीन दारात उभा राहून फोटो काढत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आली. नितीनने आईचे डोळे झाकून तिला दारापर्यंत आणलं आणि हात काढले. सिस्टर बघत राहिल्या. मग त्यांनी वळून काकांकडे पाहिलं. काका दारात आले, त्यांनी खाली पाहिलं आणि ते थांबले. समोर एकसारखी, तपकिरी, आरशासारखी चकाकणारी जमीन होती. त्यांचे पाय जागच्या जागी थरथरले, पण एकही उचलला गेला नाही. नितीन म्हणाला, "बाबा दमलेत प्रवासाने." सिस्टर म्हणाल्या, "हौ, दमलेत. छान केलंस रे, लई छान दिसायलं." आणि त्यांनी काकांना धरून आत नेलं. मुलगा संध्याकाळच्या गाडीने परत जाईपर्यंत त्यांनी दुसरा शब्द काढला नाही. जिन्यातून तो दिसेनासा झाला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "त्याला सांगायचं नाही. त्यानं मायेनं केलंय."

त्यानंतरचे दिवस वाईट होते. एक सुतार आला, त्याने मशीन लावून फटी उकरायला सुरुवात केली, तर फळ्यांच्या कडाच उडायला लागल्या. सिस्टरनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग जुना स्क्रू-ड्रायव्हर आणि सुरीचं एक बोथट पातं घेऊन त्या स्वतः बसल्या. लप्पम दगडासारखं वाळलं होतं. एका फटीला सकाळ पुरत नसे. त्यात पाऊस लागला, आणि फटी बुजल्यामुळे पाणी खाली जाईना. चकाकत्या पॉलिशवर तळं साचायचं. आत काका खुर्चीत बसलेले. आधी ते बाहेर बघत, मग बघेनासे झाले. त्यांची मान आणखी खाली गेली, आवाज इतका बारीक झाला की पाणी हवंय की नको तेही कळेना. डॉक्टर म्हणाले की आता खाटेची सोय करून ठेवा. सिस्टरनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन पदर खोचून पुन्हा फळ्यांवर बसल्या. त्यांचे गुडघे सुजले होते. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून पॉलिश पेपरने चकाकी खरवडत असे. मला त्या दिवसांत नितीनचा राग यायचा, आणि ती त्याचं नाव काढू द्यायची नाही म्हणून तिचाही यायचा. हो, 'तिचा'. त्या फळ्यांवर बसून मी कधी त्यांना मनातल्या मनात एकेरीवर आणलं ते मला आठवत नाही.

दारापासून थोड्या फटी मोकळ्या झाल्या तसं त्यांनी काकांना पुन्हा दारात उभं केलं. पाऊस थांबलेला होता. काका बराच वेळ खाली बघत राहिले. सिस्टर म्हणाल्या, "रेघ आहे का?" मग काकांचा उजवा पाय उचलला गेला, पडला, आणि डावा त्याच्या पुढे गेला. जिथवर फटी उघड्या होत्या तिथवर ते चालले आणि बुजलेल्या भागापाशी थांबले. त्या दिवसापासून सिस्टर रोज त्यांच्यापुढे थोडी थोडी वाट उघडत गेल्या. पावसाळा सरेपर्यंत जवळपास सगळी गच्ची मोकळी झाली, फळ्यांना पुन्हा तेल मिळालं आणि खाट आणायचं राहून गेलं. मी इतकी खूश होते की मी पेढे आणले. सिस्टरनी एक पेढा काकांना भरवला आणि म्हणाल्या, "जास्त नक्को, शुगर बघायची आहे."

त्याच हिवाळ्यात एका सकाळी चहा टाकता टाकता त्या ओट्याला धरून खाली बसल्या. मी त्यांना रिक्षात घातलं. त्यांचा घाम आणि त्यांचा चेहरा बघून मला जे कळलं ते त्यांना माझ्या आधी कळलेलं होतं, कारण त्यांनी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवलेली होती. रिक्षात त्या फारसं बोलल्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "ह्यांची गोळी साडेदहाची." थोड्या वेळाने म्हणाल्या, "काल फळ्या धुतल्यात. ओल्या आहेत. आज ह्यांना बाहेर सोडू नको." दवाखान्याच्या दारात तिथल्या नर्सने त्यांना स्ट्रेचरवर घेतलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "पेशंटचं नाव?" मला क्षणभर आठवेना. दुपारी त्या गेल्या.

हॉलमध्ये जागा नव्हती म्हणून त्यांना गच्चीवर ठेवलं, पांढऱ्या साडीत, कठड्याजवळ. तोवर फळ्या वाळल्या होत्या. अंबरपेठेतून जुने शेजारी आले, विहारातली माणसं आली, दवाखान्यातल्या म्हाताऱ्या आया आल्या. नितीन बंगळूरहून पोचला तेव्हा काकांना खुर्चीसकट उचलून बाहेर न्यायची तयारी चालली होती. काका म्हणाले, "नको." ते इतकं स्पष्ट होतं की उचलणाऱ्यांचे हात मागे आले. ते दारात उभे राहिले. लोकांनी वाट सोडली. मग ते निघाले, मान खाली, एकेक फट ओलांडत, तिच्यापर्यंत. नितीन सगळा वेळ त्यांच्या पायांकडे बघत होता.

सगळं आटोपल्यावर तो मला गच्चीच्या कोपऱ्यात सापडला. तिथल्या शेवटच्या दोन-तीन फटी सिस्टरच्या हातून राहून गेल्या होत्या आणि त्यांत त्याचं लप्पम तसंच होतं. "हे कुणी काढलं बाकीचं?" त्याने विचारलं. सिस्टरनी नको म्हटलं होतं, पण आता मला खोटं बोलवेना. मी सांगितलं. तो म्हणाला, "मला एक फोन केला असता तर." मी म्हटलं, "तुला वाईट वाटलं असतं म्हणून." तो खाली बसला आणि नखाने ते लप्पम उकरायला लागला. मी त्याला तसंच राहू दिलं. सिस्टरच्या पुण्यानुमोदनाच्या प्रार्थनेच्या दिवसापर्यंत त्या फटीही उघडल्या होत्या.

काकांना तो आपल्याकडे घेऊन गेला, आणि जाताना गच्चीही घेऊन गेला. एकेक स्क्रू काढून फळ्या ट्रकमध्ये भरल्या आणि बंगळूरच्या घराच्या लांब सज्जात पुन्हा आडव्या बसवल्या, मधल्या फटींसह. तो मला फोन करून एकेक गोष्ट विचारायचा. तेल कुठलं, पुसायचं किती वेळाने, फडकी कुठे वाळवायची. मी आठवून आठवून सांगायचे, आणि सांगताना सिस्टरचे शब्द माझ्या इस्त्रीच्या मराठीत घुसायचे. नितीन म्हणायचा, "आता अगदी आईसारखं बोललात." ते ऐकून मी काहीतरी काम काढून फोन ठेवायचे.

मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला तो वेगळाच. काका नव्या सज्जात चालत होते. दारापासून टोकापर्यंत व्यवस्थित जात होते. पण टोकाला पोचले की तिथेच उभे राहायचे, कठड्याकडे तोंड करून, आणि त्यांना काही केल्या वळता येत नव्हतं. धरून फिरवलं की तोल जायचा. रोज शेवटी खुर्ची नेऊन त्यांना मागे आणावं लागत होतं. "वळणं हेच या आजारात सगळ्यात अवघड असतं म्हणे," तो म्हणाला. "आई त्यांना कसं वळवायची?"

मला ते माहीत नव्हतं. त्यांची संध्याकाळची फेरी मी बहुतेक माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायचे, आणि तिथून गच्चीचं ते टोक पाण्याच्या टाकीआड जायचं. दोघं टाकीआड जात, मग आधी सिस्टर आणि थोड्या वेळाने काका परत येताना दिसत. मध्ये काय होतं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. एवढं सगळं शिकून घेतलं आणि नेमकं तेवढंच राहिलं. मी म्हटलं, "नितीन, बाबांनाच विचार ना."

त्याने फोन स्पीकरवर टाकला असावा. वाऱ्याचा आवाज आला, मग त्याने विचारलेलं ऐकू आलं. काकांचा आवाज यायला वेळ लागला.

"ती वळवायची नाही," काका म्हणाले. "ती माझ्या मागनं दाराकडच्या टोकाला जाऊन उभी राहायची. कुठं गेली बघायला मी वळायचो."

मग लाकडावरून जाणारी पावलं मला फोनमध्ये ऐकू आली, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि ती थांबली.

"बाबा," नितीनचा आवाज लांबून आला, "मी इकडं आहे."